पार्किन्सनचा डबा: आधी गोळी, मग जेवण

डबा आला की आधी घड्याळ पाहा. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनमध्ये हालचाली सुकर करणाऱ्या औषधाची, गोळी जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. प्रथिनांतली काही अमिनो आम्लं आणि हे औषध आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेने जातात. पेलाभर दुधाबरोबर घेतलेली गोळी त्या गर्दीत अडकते. मग तासाभराने पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि घरचे म्हणतात, ‘आज गोळी लागूच पडली नाही.’

रिकाम्या पोटी मळमळत असेल तर अर्धं केळं किंवा दोन मारी बिस्किटं चालतील. अंडं, पनीर, शेंगदाण्याचा लाडू त्या वेळी नको. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान 2 तासांचं अंतर ठेवा.

गोळीचा असर दुपारी मधेच उतरत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही प्रथिनं रात्रीच्या डब्यात सरकवतो. दुपारी भात, दुधीची भाजी, पातळ आमटी. रात्री 30 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण (सुमारे 7 ग्रॅम प्रथिनं) आणि एक अंडं (6 ग्रॅम) किंवा 50 ग्रॅम पनीर (सुमारे 9 ग्रॅम). प्रथिनं कमी करायची मात्र नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला वजनाच्या किलोमागे 0.8 ते 1 ग्रॅम लागतातच. या आजारात वजन तसंही घटतं, त्यात स्नायू झिजले की पडण्याची भीती वाढते.

बद्धकोष्ठता तर कंप सुटण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकते. चमचाभर इसबगोलामागे पेलाभर पाणी हवं. पाणी कमी पडलं तर पोट आणखी घट्ट होतं. गिळायला त्रास असेल तर इसबगोल विचारल्याशिवाय देऊ नका.

आमटीत शितं मोकळी तरंगत असली की ठसका लागू शकतो. पाणी आधी घशात घसरतं, शितं मागे राहतात. भात मऊ शिजवा, आमटीत घोटून एकजीव करा. कोरडे पोहे, चुरमुरे टाळा. ताठ बसवून भरवा, जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घोगरा येऊ लागला तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

खाजकुयली या औषधी वेलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, नेमकी तीच अडचण आहे: चमच्यात किती गेलं ते कळत नाही. तिचं चूर्ण डॉक्टरांना न विचारता गोळीबरोबर देऊ नका. आमच्या डब्यात ते मागूनही मिळणार नाही. अक्रोड जरूर खा, पण त्याने आजार थांबतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

झाकणावरच्या पट्टीवर गोळीची वेळ लिहा. वेळ बदलली तर आदल्या संध्याकाळी कळवा, म्हणजे डबा पुढे-मागे करता येईल.