कार्यालयीन संगणक व सर्व्हर बदलण्याचा निर्णय : कोकण किनारपट्टी

कार्यालयातील संगणक, सर्व्हर (सगळ्यांचा डेटा सांभाळणारा मध्यवर्ती संगणक) व त्यांना जोडलेली उपकरणे कधीपर्यंत दुरुस्त करून चालवावीत, कधी मोडीत काढावीत आणि नवी कधी घ्यावीत हे ठरवण्याची रीत. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यातील पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या, ग्रामपंचायती, शाळा, आंबा-काजूचे व्यापारी आणि हॉटेले यांना हा प्रश्न देशावरच्या कार्यालयांपेक्षा लवकर पडतो. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि बेभरवशाची वीज यांमुळे येथे यंत्र लवकर म्हातारे होते. यंत्र कोठे उभे आहे आणि ते एखाद्या सकाळी सुरू झाले नाही तर कोणाचे काम अडेल, या दोन गोष्टी येथे त्याच्या वयाआधी पाहाव्या लागतात.

वयाचे ठरीव आकडे आहेतच. कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप व लॅपटॉप यांचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे, तर सर्व्हर व नेटवर्क यांचे ६ वर्षे धरले आहे. प्राप्तिकरासाठी संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. हे आकडे हिशेबासाठी आहेत. ताळेबंदात किंमत नगण्य झालेला संगणक सावंतवाडीच्या कोरड्या खोलीत आणखी चार वर्षे बिनतक्रार चालू शकतो आणि बंदरावरच्या मासळी सोसायटीत तोच तीन वर्षांत हात टेकतो.

याचे मुख्य कारण मीठ. लाटा फुटताना उडालेले क्षारांचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यालगतच्या काहीशे मीटरमध्ये त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते, पुढे ते झपाट्याने घटते. म्हणून हर्णै, मुरूड किंवा मालवणच्या किनाऱ्यावरील कार्यालय आणि कुडाळमधील कार्यालय यांना एकच मुदत लावणे योग्य नाही. कॅबिनेटचा पंखा हे कण धुळीबरोबर ओढतो व ते मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर, बसतात. पावसाळ्यात बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटते, तेच मग बोर्डावर घडते. सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठ, विरघळण्याइतके बाष्प शोषते ते सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेल्यावर. समुद्री क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावते. कोकणात जून ते सप्टेंबर हवा दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर दमट असते. पाण्याचा थेंबही न पडता बोर्डावरची धूळ ओली होते, तिच्यातून सूक्ष्म प्रवाह गळतो, तांब्याच्या रेषांवर हिरवट थर चढतो आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांखालचा धातू छिद्रांतून गंजू लागतो.

रोज चालणारा संगणक स्वतःच्या उष्णतेने बराचसा कोरडा राहतो. त्यामुळे बंद ठेवलेली यंत्रे जास्त बिघडतात, आणि शाळांच्या प्रयोगशाळा सुट्टीनंतर उघडल्या की एकदम तीन-चार यंत्रांवर ‘डिस्प्ले येत नाही’ हे येथे नेहमीचे आहे. एसी फक्त कार्यालयीन वेळेत लावण्याची सवयही घातक आहे. संध्याकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा थंड पत्र्यावर दव धरते. सर्व्हरला लहान, बंद, सतत थंड खोली द्यावी. ॲश्रे या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही कक्षा सुचवली आहे. उष्णतेचा हिशेब सोपा आहे : इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे (बोर्डावरील वीज साठवणाऱ्या नळकांड्यासारख्या भागाचे) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. यूपीएसमधल्या (वीज गेल्यावर यंत्र चालू ठेवणाऱ्या पेटीतल्या) सीलबंद बॅटऱ्यांचीही गत जवळपास तशीच असते.

विजेचा त्रास दोन बाजूंनी येतो. एकीकडे व्होल्टेज खालीवर होऊन एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) जातो. दुसरीकडे मेमध्ये आणि परतीच्या पावसात कडाडणारी वीज लॅनच्या (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या) तारेतून शिरून स्विच, राउटर आणि मदरबोर्डवरचा नेटवर्क पोर्ट जाळते. जांभ्या दगडाच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यामुळे पावसाच्या तोंडावर, नेमके गरज असताना, अर्थिंग कमकुवत असते. अर्थिंग न तपासता नवा संगणक बसवणे म्हणजे जुनाच बिघाड नव्या किमतीत विकत घेणे होय.

बदलाची वेळ आल्याची लक्षणे दुरुस्ती करणाऱ्यांच्या बोलण्यात आधी उमटतात. रॅम काढून खोडरबर फिरवला की मशीन सुरू होते, ही किनाऱ्यावरची रोजची दुरुस्ती आहे. पण एकाच पावसाळ्यात ती वारंवार करावी लागली तर सॉकेटच गंजत असते. तारीख मागे जाणे हे बहुतेक वेळा नाण्याएवढ्या सीएमओएस बॅटरीचे दुखणे असते आणि त्यासाठी संगणक बदलण्याचे कारण नाही. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते तिच्यात, खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांची (साठवणीच्या लहान कप्प्यांची) संख्या वाढू लागली तर त्याच दिवशी डेटा उतरवून डिस्क काढावी. संगणक फक्त मंद असेल, बोर्ड स्वच्छ असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम घालून तो आणखी काही वर्षे वापरणे शहाणपणाचे. गंजलेल्या बोर्डावर मात्र असा खर्च करू नये, मग यंत्र दोनच वर्षांचे का असेना.

यंत्र धडधाकट असताना सॉफ्टवेअर संपते, तेव्हा निर्णय अवघड होतो. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी मोफत सुरक्षा-अद्यतने, १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक बाद ठरले. संस्थांना शुल्क भरून विंडोज १० ची सुरक्षा-अद्यतने ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेता येतात, पण शुल्क दर वर्षी दुप्पट होते. फक्त ब्राउझर आणि टंकलेखन यांसाठी असलेल्या यंत्रावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकणे हा चांगला मार्ग आहे. सभासदांची खाती असलेले यंत्र मात्र अद्यतनांविना नेटला जोडलेले ठेवणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही.

सर्व्हरला वेगळी फूटपट्टी लागते. एक संगणक बंद पडला तर एका टेबलाचे काम थांबते, सर्व्हर बंद पडला तर सगळ्या शाखांचे. विक्रेत्याचा देखभाल करार साधारण ३ ते ५ वर्षांचा असतो. त्यात सुटा भाग दुसऱ्या दिवशी देण्याचे वचन असले, तरी तो भाग मुंबई, पुणे की कोल्हापूरहून येणार हे विचारून घ्यावे. जुलैत आंबा किंवा परशुराम घाटात दरड आली की दुसऱ्या दिवसाचा आठवडा होतो. करार संपत आला आणि त्या जातीचे पॉवर सप्लाय व डिस्क बाजारात फक्त जुन्यात मिळू लागले, की सर्व्हर चालता असतानाच बदलावा, आणि बॅकअप नव्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उतरवून पाहिल्यावरच जुना बंद करावा.

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही वेळी चिपळूण व महाड पाण्याखाली गेले. पुरात भिजलेला संगणक वाळवून सुरू झाला तरी चिपांखाली गाळ राहतो. त्याच्याकडून डेटा काढून घ्यावा आणि तो निवृत्त करावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. अशा गावांत सर्व्हर तळमजल्याच्या जमिनीवर ठेवण्यापेक्षा वरच्या मजल्यावर न्यावा आणि बॅकअपची एक प्रत घाटावर किंवा क्लाउडवर असावी.

खरेदीचा महिना धंद्यावर ठरतो. पतसंस्थांनी मार्चअखेर आटोपल्यावर, पाऊस सुरू होण्याआधी बदल उरकावा. आंबा व्यापाऱ्याला मार्च ते मे हात लावता येत नाही. त्याला दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे. मच्छीमार सोसायट्यांना १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत सवड असते, पण त्या काळात नवी यंत्रे दमट गोदामात खोक्यांत पडून राहू देऊ नयेत.

सरकारी कार्यालयांत व ग्रामपंचायतींत जुने यंत्र डेडस्टॉक रजिस्टरमधून (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून) काढण्यासाठी निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून वजा करण्याची, कार्यवाही करावी लागते. ती लांबते म्हणून बंद पडलेले डबे वर्षानुवर्षे कोपऱ्यात साचतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार पुनर्चक्रण करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक आहे. तार जाळून तांबे काढणाऱ्या भंगारवाल्याऐवजी अशा नोंदणीकृत केंद्राकडे माल द्यावा. नुसते फॉरमॅट मारल्याने डेटा पूर्ण जाईलच असे नाही, आणि एसएसडीवर तर वरून पुन्हा लिहूनही काही भाग शिल्लक राहू शकतो. म्हणून डिस्क यंत्राबरोबर लिलावात जाऊ देऊ नये : ती काढून, अनुक्रमांक टिपून, वेगळी नष्ट करावी आणि तसा उल्लेख निर्लेखनाच्या ठरावात घ्यावा.