‘बॉल शेवटपर्यंत बघ’ : एका सल्ल्याची पार्श्वभूमी

शिवाजी पार्कात नेटच्या मागे दहा मिनिटं उभे राहा, एक वाक्य कानावर पडणारच : ‘अरे, बॉल शेवटपर्यंत बघ!’ वडिलांनी ऐकलं, आता मुलगा ऐकतोय. फरक इतकाच की आता त्या जोडीला उघडझाप करणाऱ्या काचांचे गॉगल, लुकलुकणाऱ्या दिव्यांवर हात मारायचे सराव आणि ‘ब्रेन ट्रेनिंग’ची पॅकेजंही आली आहेत. किट बॅग सांभाळत बसलेले पालक विचारतात, यानं रिफ्लेक्स वाढतात का हो? हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे.

१९२१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बेब रूथ या बेसबॉलपटूचे डोळे, कान आणि हातांचा वेग तपासला गेला. तो सर्वसामान्यांपेक्षा सरस निघाला आणि मोठ्या खेळाडूची नजरच निराळी असते, या समजाला विज्ञानाचा शिक्का मिळाला. पुढे १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मानसशास्त्रासाठी प्रयोगशाळा काढली. १९३८ मध्ये ‘शिकागो कब्ज’ या बेसबॉल संघानं त्यांना बोलावलं, पण संघाच्या मॅनेजरनं या प्रोफेसरला जवळ फिरकू दिलं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या कोचनं तेच केलं असतं.

त्या समजाला खरा धक्का क्रिकेटनं दिला. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यांनी खेळपट्टीवरच्या मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या टाकल्या. टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल याचा नेम नाही. समोर आंतरराष्ट्रीय फलंदाज. चेंडू वळल्यावर बॅटची दिशा बदलायला त्यांनाही सुमारे २०० मिलिसेकंद लागले, म्हणजे तुमच्याआमच्याइतकेच. मग फरक कुठे? टेनिस, बॅडमिंटन आणि क्रिकेटमध्ये चित्रफीत मध्येच तोडून ‘आता चेंडू कुठे जाणार?’ असं विचारणारे प्रयोग झाले, त्यांतून उत्तर मिळालं. मुरलेला खेळाडू चेंडू सुटण्याआधीच मनगट आणि खांदा वाचतो. आपल्याकडे त्याला ‘हातातून ओळखणं’ म्हणतात. गुगली, म्हणजे लेगस्पिनसारखा दिसून उलटा वळणारा चेंडू, खेळताना याशिवाय इलाज नाही.

२००० मध्ये मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर टिपली. नेटमधल्या त्या वाक्याची खरी पंचाईत इथे झाली. फलंदाज चेंडू शेवटपर्यंत बघतच नाही! गोलंदाजीच्या यंत्रातून चेंडू सुटताना बघतो, मग नजर उडी मारून टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर, कच्च्याची उशिरा. पण २०१३ मध्ये डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी जगातल्या अव्वल फलंदाजांना तपासलं, तेव्हा दिसलं की त्यांचं डोकं चेंडूच्या रेषेत वळत राहतं आणि नजर दुसरी उडी मारून बॅटवर चेंडू बसण्याच्या जागी पोचते. थोडक्यात, आपले सर अर्धे चुकले, अर्धे बरोबर. ‘डोकं बॉलवर ने’ म्हणणारे तर पुरतेच बरोबर.

हे वाचन शिकायला मुंबईकडे स्वतःची प्रयोगशाळा होतीच. आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या, एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडऑनला पाठ लावून उभा, आणि दहा चेंडूंतून आपला ओळखायचा. १९४८ पासून पावसाळ्यात चालणारी कांगा लीग त्याहून कठीण. उघड्या, ओल्या खेळपट्टीवर टप्पा पडल्यावर काय होईल ते खेळपट्टीलाही ठाऊक नसतं. मॅक्लाउडनी पट्ट्या टाकून जे घडवलं, ते इथे पाऊस फुकटात घडवतो. तिथे टिकायचं तर उशिरा आणि शरीराजवळ खेळावं लागतं. मुंबईच्या फलंदाजांचा ‘खडूस’पणा, म्हणजे विकेट सहजी न देण्याचा हट्ट, थोडा या चिखलातूनही आला असावा, असं मला वाटतं.

नजर म्हणजे सगळं नव्हे, हेही शिवाजी पार्कातच कळतं. तिथल्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवला. खांबावर उलटं झालं की वर-खाली हे डोळ्यांपेक्षा मांडीची पकड, तळव्याचा स्पर्श आणि कानातला तोल सांगतो. देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

मनाच्या तयारीत आपल्याकडे नेमबाज पुढे. नाशिकचे भीष्मराज बाम, पोलीस खात्यातले निवृत्त अधिकारी, योगाच्या पायावर खेळाडूंची एकाग्रता घडवत. अंजली भागवत त्यांच्याकडे शिकलेली. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलेल्या अभिनव बिंद्रानं तर मेंदूच्या लहरी पडद्यावर बघत न्यूरोफीडबॅकचा सराव केला होता. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोमध्ये दाखवलेली ‘शांत नजर’ (फेकण्याआधी लक्ष्यावर क्षणभर स्थिरावणारी नजर) म्हणजे योगातलं आपलं त्राटकच, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्राटकात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघायचं असतं, शांत नजर जेमतेम काही सेकंदांची.

बाजार मात्र फरक करत बसत नाही. २०११ मध्ये नायकेनं उघडझाप करणारे गॉगल आणले. २०१६ मध्ये ‘लुमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीनं अवाजवी दाव्यांबद्दल अमेरिकेत २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. अडचण जुनीच : दिव्यांवर हात मारून माणूस दिव्यांवर हात मारण्यात तरबेज होतो. ते कौशल्य ऑफस्टंपबाहेरच्या आउटस्विंगरपर्यंत पोचतं याचा पुरावा तुटपुंजा आहे.

खरं वाचन तर चेंडू हातात येण्याच्याही आधी सुरू होतं. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रेबॉर्नवर सचिननं ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईसाठी नाबाद २०४ काढल्या. त्या सामन्यात लेगस्पिनर शेन वॉर्ननं राउंड द विकेट (स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं येऊन) गोलंदाजी केलीच नाही, हे सचिनच्या लक्षात राहिलं. वॉर्ननं ते कसोटीसाठी राखून ठेवलंय, हे सचिननं ताडलं. मग त्यानं लेगस्टंपबाहेरची खेळपट्टी उकरून घेतली आणि माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथेच टप्पा टाकायला लावलं. चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात तो ४ वर गेला, दुसऱ्यात वॉर्न राउंड द विकेट आला आणि सचिन नाबाद १५५.