संदेशप्रक्रिया, समकालिक व असमकालिक

वेगवेगळ्या प्रणालींना जोडणाऱ्या एकात्मीकरण सॉफ्टवेअरमध्ये संदेश हाताळण्याच्या दोन रीती. समकालिक रीतीत पाठवणारी प्रणाली जोडणी उघडी ठेवून उत्तराची वाट पाहते. असमकालिक रीतीत ती संदेश मध्यस्थाकडे, बहुधा रांगेत, सोपवते, पोच घेते आणि पुढच्या कामाला लागते. मराठी संज्ञा पुस्तकांपुरत्याच आहेत. रोज हे काम करणारे ‘सिंक’ आणि ‘एसिंक’ म्हणतात.

या भेदाचा उगम अभ्यासक आपापल्या शाखेप्रमाणे सांगतात. एक धागा पेर ब्रिंच हॅन्सन यांच्या आरसी ४००० या डॅनिश संगणकावरील प्रणालीपर्यंत (सु. १९६९) जातो. तीत संदेश पाठवणे आणि उत्तरासाठी थांबणे या दोन वेगळ्या आज्ञा होत्या. मधल्या वेळात दुसरे काम करता येई. कार्ल ह्यूइट व सहकाऱ्यांच्या १९७३ च्या ‘अ‍ॅक्टर’ प्रतिमानात पाठवणारा थांबतच नाही. उलट टोनी होअर यांच्या १९७८ च्या मांडणीत देणारा व घेणारा दोघेही तयार झाल्याखेरीज देवघेव होत नाही. ‘रिमोट प्रोसीजर कॉल’च्या (दुसऱ्या यंत्रावरचे काम आपल्याच प्रोग्रॅममधल्यासारखे बोलावण्याच्या रीतीच्या) संदर्भात अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांचा १९८४ चा निबंध पायाभूत मानला जातो, पण ती कल्पना त्याआधीची आहे. एकात्मीकरणापुरता आरसी ४००० चा दाखला अधिक जवळचा वाटतो, कारण एकाच यंत्रणेतून दोन्ही रीती निघू शकतात हे तेथे स्पष्ट दिसते.

शब्दांचा घोळ मात्र पुढेही चालूच राहिला. होअर यांच्याकडे ‘समकालिक’ म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्याची गाठ पडणे. जावा मेसेज सर्व्हिस या जावा भाषेतील संदेश-देवघेवीच्या मानकाच्या (१९९८) परिभाषेत तो शब्द घेणाऱ्याला लागू होतो : रांगेपाशी अडून राहून संदेश उचलला तर समकालिक, संदेश येताच श्रोता जागा झाला तर असमकालिक. एकात्मीकरणात प्रश्न उत्तराचा असतो. शिवाय, ‘थ्रेड’ (प्रोग्रॅममधला कामाचा एक प्रवाह) अडकवून न ठेवता केलेली एचटीटीपी (वेबवरील देवघेवीचे नियम) विनंतीही पुष्कळदा ‘एसिंक’ म्हणून खपते. पण समोरची प्रणाली त्या क्षणी बंद असेल तर ती विनंती फसतेच. दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असाव्या लागतात का, ही कसोटी त्यामुळे अधिक उपयोगी ठरते.

खरी अडचण बिघाडाच्या वेळी कळते. समजा, विक्री प्रणालीने मागणी पाठवली आणि ३० सेकंदांत उत्तर आले नाही. मागणी जाताना हरवली की उत्तर येताना, हे पाठवणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. पुन्हा पाठवावी तर मागणी दोनदा नोंदली जाण्याचा धोका, न पाठवावी तर ती राहूनच जाण्याचा. या कोंडीचे मूळ रूप अक्कोयुनलू, एकनाधम व ह्यूबर यांनी १९७५ मध्ये मांडले. पुढे ते ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून ओळखले गेले. म्हणून ‘नेमके एकदाच’ पोचवण्याची हमी शब्दशः घेऊ नये. व्यवहारात संदेश किमान एकदा पोचवतात आणि घेणारी बाजू संदेश-क्रमांक पाहून दुसरी प्रत टाकून देते. एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअर कंपनीच्या एकात्मीकरण साधनांत समकालिक संदेशांना ‘बेस्ट एफर्ट’ (हमीविना, जमेल तसे), तर असमकालिकांना ‘एक्झॅक्टली वन्स’ किंवा ‘एक्झॅक्टली वन्स इन ऑर्डर’ असा सेवादर्जा असतो. शेवटच्या प्रकारात क्रम पाळायचा असल्याने एक संदेश चुकला की त्यामागची सगळी रांग तुंबते. मागचे शंभर संदेश निर्दोष असले तरी ते थांबतात.

समकालिक रीत वेगवान आणि असमकालिक संथ हा समज बरोबर नाही. भार वाढला की अनेकदा उलटेच घडते.

आयबीएमचे एमक्यूसिरीज (१९९३) आणि लिंक्डइनमधून २०११ मध्ये खुले झालेले काफ्का ही असमकालिक बाजूची परिचित साधने. दोन्ही रीतींचा सांधाही जोडता येतो : विनंतीला एचटीटीपीचे २०२, म्हणजे ‘स्वीकारले, काम अजून झालेले नाही’, असे उत्तर देऊन निकाल नंतर कळवतात, किंवा संदेशाला सहसंबंध-क्रमांक देऊन उत्तर वेगळ्या रांगेत पाठवतात आणि दोन रीती जोडणारा मधला दुवा, म्हणजे पूल, त्या क्रमांकावरून मूळ विनंती ओळखतो. पुलाची मुदत आधी संपली तर नंतर आलेल्या उत्तराला धनी उरत नाही. असे संदेश वेगळे ठेवण्यासाठी बहुतेक साधनांत ‘डेड लेटर’ रांग असते. ती नियमाने तपासणे मात्र चालवणाऱ्यांवर सोडलेले असते.