अमेरिकी सैन्यातले पेगन आणि थडग्यावरचा तारा

सप्टेंबर २०२५ मध्ये क्वांटिको इथल्या लष्करी तळावर जमलेल्या सेनाधिकाऱ्यांना अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी सुनावलं, की आपलं सैन्य काही नॉर्डिक पेगनांनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या ख्रिस्तपूर्व देवतांच्या उपासकांनी, भरलेलं नाही. रोख धर्माच्या कारणाने दाढी राखू देणाऱ्या सवलतींवर होता. शीख सैनिकांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवलेल्या या सवलतींचा लाभ पुढे थॉर-ओडिनची उपासना करणाऱ्या काही सैनिकांनाही झाला. मात्र पेगनांचा सैन्यातला वाद दाढीपेक्षा बराच जुना आहे.

लष्करी धर्मगुरूंसाठी, म्हणजे चॅप्लिनांसाठी, सैन्याने १९७८ मध्ये काढलेल्या माहितीपुस्तिकेत विक्का या निसर्गपूजक, चेटूकविद्या मानणाऱ्या आधुनिक पेगन पंथाचा समावेश होता. १९८६ मध्ये एका कैद्याच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने विक्का हा धर्मच असल्याचं मान्य केलं, पण त्याने मागितलेलं पूजासाहित्य त्याला मिळू दिलं नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातल्या एका ज्यू अधिकाऱ्याला गणवेशावर धार्मिक टोपी घालायला असलेली मनाई उचलून धरली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून ती चूक दुरुस्त केली. १९९३ च्या कायद्याने तर सरकारवरच जबाबदारी टाकली: कुणाच्या श्रद्धेच्या आड यायचं असेल, तर तसंच सबळ कारण दाखवा.

टेक्सासमधल्या फोर्ट हूड तळावर १९९७ पासून विक्का सैनिकांची मंडळं रीतसर परवानगीने भरू लागली. १९९९ मध्ये त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रात आली आणि गहजब उडाला. एका खासदाराने ही प्रथा बंद करण्याची मागणी केली, तर काही ख्रिस्ती संघटनांनी सैन्यभरतीवर बहिष्काराची हाक दिली. चेटूक म्हणजे धर्म नव्हे, सैन्याने फेरविचार करावा, असं टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश दूरचित्रवाणीवर म्हणाले. दीड वर्षात तेच राष्ट्राध्यक्ष झाले. सैन्य मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिलं, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

खरा अन्याय झाला तो मृतांवर. माजी सैनिकांच्या थडग्यावर कोणतं धर्मचिन्ह कोरायचं, हे सैन्य ठरवत नाही. ते माजी सैनिकांसाठीचं वेगळं सरकारी खातं ठरवतं. त्यांच्या यादीत क्रूस, चंद्रकोर, धर्मचक्र तर होतंच, निरीश्वरवाद्यांसाठी अणूचं चिन्हही होतं. वर्तुळातला पाच टोकांचा तारा, म्हणजे विक्काचं पेन्टॅकल, तेवढं नव्हतं. त्यासाठीचा पहिला अर्ज १९९७ मधला. खात्याला पंथाच्या प्रमुखाचं पत्र हवं होतं. ज्या पंथाला मध्यवर्ती पीठच नाही, त्याने ते कुठून आणायचं? नियम बदलले, नवे अर्ज गेले, तरी उत्तर मिळेना. मधल्या काळात इतर पंथांची चिन्हं मंजूर होत राहिली. दिरंगाई म्हणून हे सोडून देता येत नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात चिनूक हेलिकॉप्टर पाडलं गेलं आणि नेवाडा नॅशनल गार्डचा एक विक्का सार्जंट मारला गेला. नेवाडातल्या फर्नली इथल्या सैनिकांच्या स्मशानभूमीत स्मारकभिंतीवर त्याची जागा वर्षाहून अधिक काळ रिकामी राहिली. चिन्हाशिवाय फलक लावायला त्याच्या पत्नीने ठाम नकार दिला होता. अखेर नेवाडा राज्याने स्वतःच्या अधिकारात ताऱ्यासह फलक बसवला. याच चिन्हासाठी केंद्राविरुद्ध खटला नोव्हेंबर २००६ मध्ये दाखल झाला आणि २३ एप्रिल २००७ रोजी तडजोडीने मिटला. यादीत तारा आला आणि सरकारने वकिलांच्या खर्चापोटी सव्वादोन लाख डॉलर मोजले. गव्हर्नरांच्या त्या जुन्या वक्तव्याची छाया खात्याच्या कारभारावर पडल्याचं कागदपत्रांतून दिसलं, असं फिर्यादींच्या वकिलांनी सांगितलं. दहा वर्षांच्या टाळाटाळीला दुसरं पटण्याजोगं कारण मलाही दिसत नाही.

त्यानंतर गोष्टी भराभर सरकल्या. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवाई दल अकादमीत डोंगरावर पेगनांच्या उपासनेसाठी शिळांचं वर्तुळ उभं राहिलं. २०१० मध्ये तिथे कुणीतरी लाकडी क्रूस आणून ठेवला, तेव्हा अकादमीनेच त्याचा निषेध केला. २०१३ मध्ये थडग्यांच्या यादीत थॉरचा हातोडा आला. २०१७ मध्ये सैनिकांना नोंदवता येतील अशा श्रद्धांची यादी दुपटीने वाढून दोनशेच्या वर गेली.

चॅप्लिनपदाचा प्रश्न मात्र अडकलेलाच राहिला. भारतीय सैन्य पंडित, मौलवी, ग्रंथी यांची भरती स्वतः करतं. अमेरिकेत उमेदवारामागे मान्यताप्राप्त धर्मसंस्थेची शिफारस लागते. २००६ मध्ये इराकमधल्या, पेन्टेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या एका चॅप्लिनने विक्का चॅप्लिन होण्यासाठी अर्ज केला. जुन्या चर्चने शिफारस काढून घेतली, नव्या संस्थेची सैन्याने स्वीकारली नाही आणि त्याला इराकमधून परत बोलावण्यात आलं. तळांवरची पेगन मंडळं चालवत आले ते बहुतेक स्वयंसेवकच, तेही दुसऱ्या धर्माच्या चॅप्लिनच्या देखरेखीखाली.