सपाट रस्त्यावरचा घाट

वडोदऱ्याच्या मांडवीवरून पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं. जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून लांब होता. मी गिअरच्या सायकलवर आणि मामा त्यांच्या चेनकव्हरवाल्या जड काळ्या सायकलवर. गेंडीगेटमधून बाहेर, सोमा तलाव, कपुराई चोकडीला हायवे ओलांडायचा आणि मग सरळ डभोई. एका बाजूचं अंतर साधारण ३० किलोमीटर. मही आणि नर्मदा यांच्या मधला हा मुलूख नद्यांनी आणून पसरलेल्या गाळाचा आहे, त्यामुळे डोळ्यांना दिसेल असा चढ लागतो तो फक्त पुलांवर. सायकलवाल्याला याहून सोपा रस्ता कोणता, असं वाटतं ना? जाताना मलाही तसंच वाटलं होतं.

डोंगर नसला की सायकलवाल्याचं भांडण उरतं दोघांशी, टायरशी आणि हवेशी. टायरचा हिशेब सरळ आहे. रबर रस्त्यावर दबतं, पुन्हा फुगतं आणि दबण्यात घातलेली सगळी ऊर्जा काही परत देत नाही. थोडी उष्णता होऊन जाते. मी आणि माझी सायकल मिळून ८५ किलो धरले, तर डांबरी रस्त्यावर हा अडथळा साधारण ४ न्यूटन, म्हणजे ४०० ग्रॅम वजनाच्या ओढीइतका भरतो. हळू जा नाहीतर जोरात, तो जवळपास तेवढाच राहतो.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक असेल तर तो आणखी कितीतरी कमी होतो. म्हणून तर १८६२ साली गायकवाडांनी डभोई ते मियागाम ही नॅरो गेज लाइन टाकली, तेव्हा तिच्यावरचे डबे चक्क बैल ओढत होते. सपाट जमीन आणि गुळगुळीत रूळ असले की बैलालाही आगगाडी झेपते. आता डभोईवरून केवडियाला ब्रॉडगेज गाडी धावते. मामांना मात्र अजून जुन्या छोट्या गाडीचीच आठवण येते.

हवेचं गणित वेगळं आहे. पोहताना पाणी बाजूला सारावं तशी सायकलवाला हवा बाजूला सारत असतो. त्याचा आकारही त्या कामाला अगदी गैरसोयीचा: उभी छाती, फिरणारे पाय, फडफडणारा शर्ट. हवा खांद्यांवरून सुटते ती पाठीमागे नीट जुळून येत नाही. तिथे भोवऱ्यांचा, कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. पुढून दाब जास्त, मागून कमी, म्हणजे कुणीतरी सतत शर्ट धरून मागे खेचतंय म्हणा ना. हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. ताशी २० किलोमीटरला मला साधारण ६० वॅट पुरतात. ताशी ३० ला १५५ लागतात आणि ४० ला तीनशेच्या वर. वेग दुप्पट केला तर दम पाचपटीहून जास्त.

हे सगळं हवा स्थिर असताना. पहाटे ती स्थिर होती, त्याचंही कारण आहे. रात्री जमीन निवते, तिला टेकलेला हवेचा थर गार आणि जड होऊन बसून राहतो. वरून वारा वाहतच असतो, पण तो या थरावरून निसटून जातो, खाली उतरत नाही. सूर्य चढला की जमीन तापते, हवा खालीवर घुसळू लागते आणि वरचा वेग खाली येतो. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात वाऱ्याला नऊच्या सुमाराला जाग येते.

ढाढर नदीवर भिलापूर आलं. १ एप्रिल १७३१ रोजी याच भागात बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. त्र्यंबकराव पडले, पिलाजी गायकवाड त्यांच्याच बाजूने होते. दोन्हीकडून मराठेच. मामा हे प्रत्येक वेळी सांगतात आणि प्रत्येक वेळी पिलाजीरावांची बाजू घेतात.

डभोईला पश्चिमेकडून, वडोदरा दरवाज्यातून शिरायचं आणि गाव ओलांडून हिरा भागोळ या पूर्वेच्या वेशीपाशी थांबायचं, हा आमचा नेम. वाघेला राजांच्या काळातलं, तेराव्या शतकातलं हे काम. दगडावर एक वीत जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. मी नक्षी बघत होतो, मामा कमानीखाली डोळे मिटून बसले होते. बाहेर ऊन तापलं होतं आणि दरवाज्यात मात्र झुळूक होती. तटावर वारा आदळतो, त्या बाजूला दाब वाढतो, आडोशाच्या बाजूला कमी होतो आणि मधे भोक एकच. हवा तिथून घुसते. वेशीतली, देवडीतली जागा गावातल्या म्हाताऱ्यांना का आवडते ते कळायला दाबमापक लागत नाही.

साडेनऊला परत फिरलो आणि घाट सुरू झाला.

वारा नैऋत्य-पश्चिमेचा, खंभातच्या आखाताकडून येणारा. वडोदरा डभोईच्या वायव्येला, म्हणजे तो अगदी तोंडावर नाही, डाव्या गालावर तिरका. हिशेबापुरता तो सरळ समोरून, ताशी १० किलोमीटरचा धरू. मी २० ने जात असलो तर अंगावर येणारी हवा ३० ची. जास्तीचा अडथळा ८ न्यूटन भरतो. आता ८५ किलो वजन १ टक्का चढावर ढकलायलाही जवळपास तेवढंच बळ लागतं. म्हणजे डोळ्यांना सपाट दिसणारा तो रस्ता पायांच्या दृष्टीने ३० किलोमीटर चढाचा होता, एकूण ३०० मीटर. आमचा पावागड सुमारे ८०० मीटरचा. त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आम्ही डोंगर न बघता चढत होतो, आणि वर पोचल्यावर ना देऊळ ना उतार.

‘जाताना वारा पाठीवर मिळाला तर फिटंफाट होते’ असं पुष्कळ जण म्हणतात. होत नाही. ६० वॅटवरच राहायचं ठरवलं, तर असा वारा समोरून असताना मी ताशी १५ ने जाईन आणि पाठीवर असताना सुमारे २६ ने. एका बाजूला २ तास, दुसऱ्या बाजूला १ तास १० मिनिटं. वारा नसता तर दोन्ही मिळून ३ तास. दहा मिनिटं गेली ती गेलीच, कारण वाईट रस्त्यावर आपण जास्त वेळ अडकलेलो असतो. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे अगदी काटकोनात येणारा आडवा वारादेखील मदत करत नाही, उलट थोडा मागे खेचतो. त्याचा आणि आपल्या वेगाचा मिळून जो तिरका झोत तयार होतो, तो नुसत्या आपल्या वेगाहून मोठा असतो.

समोरच्या वाऱ्याच्या बाजूने एकच सांगता येईल. सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, तिच्यातली चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच पायडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता. ती वाहून न्यायला अंगावरून हवा जावी लागते. वारा पाठीवर घेऊन जाताना हवा आपल्याबरोबरच चालते आणि घामाची धार लागते. परतीला माझा शर्ट कोरडा होता. पायांचं बोलू नका.

थुवावीच्या पुढे रस्त्याकडेला थोराची वई, म्हणजे काटेरी झुडपांचं कुंपण, लागली आणि सायकल एकदम हलकी झाली. दगडी भिंतीपेक्षा असली वई वाऱ्याला चांगली अडवते, हे ऐकायला विचित्र वाटतं. भिंत वाऱ्याला पूर्ण रोखते; मग तो वरून उडी मारून पलीकडे भोवरे करत लवकर खाली उतरतो. वईतून थोडा वारा गाळून जातो, भोवरे मंदावतात आणि आडोसा लांबवर टिकतो. पण वई संपली की पुढे नांगरून ठेवलेली उघडी शेतं. हिवाळ्यात तिथे एरंड आणि तूर पुरुषभर उभी असते, जूनमध्ये ढेकळं.

“मामा, जरा तुम्ही पुढे या ना.”

“तू चल रे, मी आहेच मागे.”

ते होतेच मागे, डभोईपासून. माझ्या चाकापासून हातभर अंतरावर. पुढच्याच्या पाठीमागच्या त्या कमी दाबाच्या पट्ट्यात बसलं की मागच्याला लागणारी हवा एकतृतीयांशाच्या आसपास कमी होते. शर्यतीतले लोक आडव्या वाऱ्यात यासाठी रस्ताभर तिरकी रांग करतात. आमचा वारा डावीकडून, म्हणजे आसरा माझ्या मागे उजव्या हाताला. पण आपण चालणार रस्त्याच्या डाव्या कडेने, आणि उजवीकडून जाणार ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि एसटी. मामा ट्रॅक्टर गेला की दोन वीत उजवीकडे सरकत, हॉर्न ऐकला की पुन्हा आत. अडुसष्टाव्या वर्षी, भौतिकशास्त्राचं पुस्तक न उघडता. मागे कुणी बसल्याने पुढच्यालाही थोडा फायदा होतो, कारण त्याच्या पाठीमागची पोकळी जरा भरून निघते. हे मी केलनपूरला त्यांना सांगितलं. “मग? मी काय फुकट बसलोय?” म्हणाले.

कपुराई ओलांडली, दोन्हीकडे इमारती सुरू झाल्या आणि वारा पडला. वेधशाळेतला वारा १० मीटर उंचीवर मोजतात. मोकळ्या शेतात छातीच्या उंचीवर त्याचे दोन तृतीयांश लागतात, घरांच्या गर्दीत त्याहून पुष्कळ कमी. गेंडीगेटच्या कमानीपाशी मी जवळजवळ थांबलोच होतो. मागून घंटी वाजली. मामा माझ्या उजवीकडून, ताठ बसून, पुढे गेले आणि मान न वळवता ओरडले, “सेव उसळ तुझ्याकडून!”