पार्श्वभूमी : बागेतला डेटा बागेतच राखण्याची गरज कुठून आली

बागेतल्या हवामान यंत्रासारख्या उपकरणांनी मोजकंच बोलावं, म्हणजे मोजकाच डेटा पाठवावा, ही अपेक्षा नवी नाही. तेलवाहिन्यांची माहिती महागड्या उपग्रह-जोडणीवरून आणायची होती, म्हणून १९९९ मध्ये एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी निरोप पाठवण्याची ठरलेली पद्धत, आला. त्याचं सर्वांत लहान पॅकेट अवघं २ बाइटचं. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा रेडिओ लहरींचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, त्यावर पुढे लोराची, म्हणजे कमी विजेत छोटे संदेश दूरवर पोचवणाऱ्या रेडिओ तंत्राची, उपकरणं उभी राहिली. कोकणातल्या रेल्वेमार्गावर काळ, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांजवळ पाणी धोक्याच्या पातळीवर गेलं की इशारा जातो. तिथेही कामाचा असतो तो इशाराच, दर मिनिटाचा आकडा नाही.

ही काटकसर सुटली ती २०१६ नंतर. मोबाइल डेटा स्वस्त झाला, वायफाय असलेल्या चिप शे-दोनशे रुपयांत मिळू लागल्या आणि 'सगळं सर्व्हरवर पाठवा, तिथे बघू' हीच रीत पडली. हापूसच्या बागांत बसलेली हवामान यंत्रंही याच रीतीने बनली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. दापोली-मंडणगड पट्ट्यात कितीतरी गावं दिवसचे दिवस वीज आणि मोबाइल नेटवर्कशिवाय होती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं, २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. ज्या दिवसाची नोंद सर्वांत मोलाची, त्याच दिवशी सर्व्हर गाठता येत नाही, हे तेव्हा लख्ख दिसलं. त्यात पावसाळ्यातली बॅटरी. इएसपी-३२ ही वायफायवाली चिप गाढ झोपेत असताना १० मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज घेते, पण वायफायवरून पाठवताना तीच २०० मिलिअँपिअरच्या घरात जाते. आषाढात आठ-आठ दिवस ऊन नसतं. सोलर पॅनेलला हा खर्च झेपत नाही.

म्हणून 'जागेवरच हिशेब करा, वर फक्त सार पाठवा' हा मार्ग पुढे आला. खरा वाद इथूनच सुरू होतो : सार काढल्यावर मूळ नोंदींचं काय करायचं? यंत्रांचे बरेच उत्पादक त्या पुसून टाकतात. तासाची सरासरी ठेवली की यंत्रातली साठवणीची जागा वाचते, हे त्यांचं म्हणणं. पण मोहोरावर दहा मिनिटं पडलेली सर किंवा पहाटे थोडाच वेळ उतरलेला पारा तासाच्या सरासरीत विरून जातो. फळपीक विम्याची भरपाई हवामानाच्या आकड्यावर ठरते. हवामान केंद्राचा आकडा आणि बागेतला अनुभव जुळत नाही, ही बागायतदारांची तक्रार जुनीच आहे. मूळ नोंदच नसेल तर बागायतदाराने दाद कशाच्या जोरावर मागायची?

जागेची सबब तर हिशेबात टिकतच नाही. तापमान, आर्द्रता आणि पानाचा ओलावा यांची एक नोंद नावं, कंस, अवतरणचिन्हं, वेळ आणि यंत्राचा क्रमांक धरून मजकुरासारखी लिहिली तर सहज १०० बाइट होते. तीच नुसत्या आकड्यांत बांधून लिहा : ३१.४ अंश म्हणजे ३१४ हा पूर्णांक, २ बाइट. आर्द्रता १, ओलावा १. एकूण ४ बाइट. नोंदी ठरलेल्या क्रमाने, मिनिटाला एक अशा होत असतील, तर प्रत्येकीवर वेळ लिहायचीही गरज नाही. दिवसाच्या १,४४० नोंदींना ५,७६० बाइट, वर्षाला साधारण २१ लाख. म्हणजे दोन मेगाबाइटच्या आसपास, साठवणीच्या एका स्वस्त फ्लॅश चिपवर मावेल एवढं.

पाठवताना मात्र हात आखडता घ्यावाच लागतो. डोंगर आणि दाट झाडी आड आली की लोराला सर्वांत संथ गतीवर जावं लागतं. दहा बाइटच्या संदेशाला मग जवळपास दीड सेकंद लागतो, जो जलद गतीवर सुमारे ६० मिलिसेकंदांत जातो. म्हणून वर सर्व्हरला सार, खाली यंत्रात मूळ नोंदी, हीच विभागणी रास्त आहे.

२०१९ च्या सुमारास चिमुकल्या चिपवर चालणारी मशिन लर्निंगची, म्हणजे नोंदींवरून अंदाज बांधायला शिकणारी, मॉडेल्स आली. मॉडेलमधले ३२ बिटांचे आकडे ८ बिटांवर आणले की मॉडेल चौथाईवर येतं. गाजावाजा त्यांचाच अधिक होतो, पण बागेतल्या बऱ्याच कामांना 'अमुक आकडा ओलांडला की इशारा दे' एवढी एक मर्यादा ठरवून दिली तरी पुरतं. मूळ नोंदी यंत्रात किती दिवस राहतात आणि बागायतदाराला त्या स्वतः उतरवून घेता येतात का, हे खरेदीच्या वेळी मिळणाऱ्या माहितीपत्रकात अजूनही क्वचितच छापलेलं असतं.