खान्देशातल्या शाळांची निसर्ग सहल: पैसे कुठून, परवानगी कुणाची, कागद कोणते

सातपुड्याच्या पायथ्याशी दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाने यावल अभयारण्य पाहिलेलं नसतं, ही गोष्ट मनाला लागते. शाळा म्हणतात, पैसे नाहीत. पैसे थोडे आहेत, पण आहेत, आणि ते मागायची रीत आहे.

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि इतर सरकारी शाळांसाठी समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत युवा व इको क्लबची, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या निसर्ग-पर्यावरण मंडळाची, तरतूद आहे. वर्षाला प्राथमिकसाठी ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकसाठी १५,०००, तर माध्यमिक व उच्च माध्यमिकसाठी २५,००० रुपयांपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे. म्हणून आपल्या शाळेला यंदा किती मंजूर झाले, हे आधी गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विचारा आणि मगच बेत आखा. खासगी अनुदानित शाळा राष्ट्रीय हरित सेनेत (शाळांतल्या पर्यावरण मंडळांची योजना) नोंदलेली असेल, तर सामाजिक वनीकरण विभागाकडे चौकशी करावी.

सहलीत सगळ्यात मोठा खर्च गाडीचा. मान्यताप्राप्त शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. आगार व्यवस्थापकांच्या नावे शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करा, सोबत परवानगीची प्रत जोडा. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांनाच गाड्या हव्या असतात, त्यामुळे दिवाळीच्या सुटीआधी आगारात जाऊन आलेलं बरं.

आता ठराव. प्रस्ताव बहुतेक इथेच अडकतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नुसतं ‘सहल काढण्याचे ठरले’ एवढं लिहून भागत नाही. असं लिहा: ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांची एक दिवसाची निसर्ग अभ्यास सहल पाल (ता. रावेर) येथे अमुक तारखेस नेण्यास व त्याचा खर्च इको क्लबच्या निधीतून करण्यास मंजुरी देण्यात येत आहे.’ वर्ग, ठिकाण, तारीख, खर्चाचं शीर्ष (म्हणजे कोणत्या निधीतून), चारही गोष्टी आल्या की टेबलावर प्रश्न उरत नाही.

अभयारण्यात जायचं तर वन विभागाची परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तिथला प्रवेश नियंत्रित आहे. यावल अभयारण्यातलं पाल असो, शिरपूरकडचं अनेर असो की गौताळ्यातलं पाटणादेवी, त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना मुलांची संख्या, वेळ आणि गाडीचा तपशील लिहून पत्र द्या. सोबत वनरक्षक मिळावा अशी विनंती त्याच पत्रात करा. अंजनाचं पान दोन दलांचं का दिसतं, सालईच्या खोडाची साल पापुद्र्यांनी का सुटते, हे वनरक्षकाने झाडाला हात लावून दाखवलं की मुलं विसरत नाहीत.

हतनूर धरणावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात आणि मोह होतो, पण सहलींबाबत शिक्षण विभाग पाण्याच्या ठिकाणांना कडक आहे, आणि ते योग्यच आहे. लहान वर्गांसाठी धुळे तालुक्यातलं लामकानीचं राखलेलं कुरण निवडा. चराईबंदी पाळून गावाने गवत कसं परत आणलं, हे तिथे समोर दिसतं. अशा ठिकाणी गावाशी, ग्रामपंचायतीशी आधी बोलून घ्यावं.

प्राथमिक शाळेचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, माध्यमिकचा शिक्षणाधिकाऱ्यांकडे. शासकीय व अनुदानित आश्रमशाळांनी आपल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, म्हणजे नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल येथे पाठवावा. सोबत समितीचा ठराव, पालकांची सहीची संमतीपत्रं, मुलांची यादी (पालकांचा मोबाइल आणि माहीत असल्यास रक्तगट), शिक्षकांची यादी, तासातासाचा कार्यक्रम, वन विभागाचं पत्र आणि गाडीची कागदपत्रं. मुली असतील तर शिक्षिका हव्यातच. प्रथमोपचार पेटी कुणाकडे राहणार, तेही लिहा. सहल सक्तीची करता येत नाही. पण वर्गणी परवडत नाही म्हणून एखादं मूल ‘इच्छुक नाही’ म्हणून मागे राहत असेल, तर निधीतला पहिला पैसा त्याच्यासाठी वापरा. संमतीपत्रं परत आली की वर्गशिक्षकांनी कोण आलं नाही आणि का, हे स्वतः विचारून घ्यावं.

तारीख शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत धरा. मार्चपासून खान्देशच्या उन्हात मुलांना दुपारी रानात फिरवणं बरं नाही, आणि ३१ मार्चनंतर न वापरलेला निधी हातचा जाऊ शकतो. सहलीहून आल्यावर आठवडाभरात बिलं, हजेरी, फोटो आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) गटसाधन केंद्रात देऊन पोच घ्या, आणि ती पोच ठरावाच्याच फाइलला लावा.